बाटलीतलं उरलेलं

चहा संपत आला की आमचे डॉक्टर कप जरा तिरका करून तळाशी बघत आणि शेवटचा घोट ओट्यावरून खाली मातीत ओतून देत. चहा कितीही फक्कड झालेला असो, समोर कितीही मोठा पाहुणा बसलेला असो. मग कप बाजूला ठेवून म्हणत, "उरलं की ओतायचं, मास्तर. ठेवायचं न्हाई."

नवख्या माणसाला हा माज वाटे. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, साखर जपून वापरावी लागे, आणि हे गृहस्थ गोड चहा ओट्याजवळच्या कडुलिंबाला पाजत बसत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांची एखादी खोड आपण हसण्यावारी नेतो, आणि तिचं मूळ कळलं की आपलंच हसू आठवून आपल्याला कसंतरी होतं. मला ह्या खोडीचं मूळ ठाऊक होतं. म्हणून मी हसत नसे. पण दुसऱ्या कुणी हसलं तर त्याला अडवतही नसे, कारण खरं काय ते सांगायचा हक्क माझा नव्हता.

गंमत म्हणजे, त्याआधी हाच माणूस पक्का चिकट म्हणून साऱ्या हिंगोलीत प्रसिद्ध होता.

पेठेच्या मागच्या अंगाला त्यांचा स्वतःचा छोटा दवाखाना होता. चार खाटा, एक टेबल, औषधांचं एक कपाट आणि करीमभाई नावाचे कंपाउंडर, एवढा सगळा कारभार. माझी शाळा तिथून हाकेच्या अंतरावर. मी वरच्या वर्गांना शास्त्र शिकवायचो, तेही उर्दूतून, कारण राज्य निजामाचं. वाफेला आमच्या पुस्तकात बुखार म्हणत. दर वर्षी तो धडा आला की पोरं कपाळाला हात लावून कण्हायला लागत. शाळा सुटली की मी डॉक्टरांच्या ओट्यावर जाऊन बसे. त्यांची बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारलेली, मूलबाळ नव्हतं. बोलायला माणूस लागे, आणि मला ऐकायला.

त्या काळातलं त्यांचं पालुपद निराळं होतं. "वाया काहून जाऊ द्यायचं?" जखमेच्या पट्ट्या ते धुऊन, उकळून, वाळवून पुन्हा गुंडाळून ठेवत. आयोडीनची बाटली संपली तरी संपू देत नसत, तिच्यात थोडं स्पिरीट घालून हलवत आणि तो शेवटचा तांबूस थेंबही कुणाच्या तरी खरचटलेल्या गुडघ्याला लावत. औषधाच्या पुड्यांना माझ्या पोरांचे परीक्षेचे पेपर लागत. नापास पोरगं तापानं आजारी पडलं तर त्याचेच गुण त्याच्या घरी पुडीतून जात.

"डाक्टरसाब का बस चले तो मरीज की खांसी भी बोतल में भर के रखेंगे," असं करीमभाई त्यांच्या तोंडावर म्हणायचे, आणि डॉक्टर खुशीत मान हलवायचे.

हा चिकटपणा स्वतःसाठी नव्हता, हे मात्र लगेच सांगितलं पाहिजे. औषध यायचं हैदराबादहून, कधी यायचं आणि कधी नाही. डोंगरकड्याहून, पुसेगावहून बैलगाडीत घालून आणलेला माणूस दारात कण्हत असताना "औषध संपलं" म्हणायची पाळी येऊ नये, म्हणून सगळा आटापिटा.

भूल द्यायला त्यांचं एक ठरलेलं मिश्रण होतं. तीन भाग ईथर, दोन भाग क्लोरोफॉर्म. ईथर सौम्य, पण इतकं उडतं की आमच्याकडच्या उन्हाळ्यात बाटली उघडी ठेवली तर चूल नसताना उकळायला लागतं. क्लोरोफॉर्म गोड वासाचं, टिकाऊ, पण प्रमाणाबाहेर गेलं की काळीज बंद पाडतं. दोन्ही मिसळली की एकाचं उणं दुसरं भरून काढतं, असं ते त्यांच्या कॉलेजात शिकून आले होते.

"जसं बाटलीत, तसंच नाकात," ते म्हणायचे. "तीनास दोन भरलं, तर माणूस तीनास दोनच ओढणार."

त्या वेळी असं मानणारे ते एकटे नव्हते. मीही ऐकलं आणि मान डोलावली.

लढाई सुरू झाली आणि बाटल्या येणं जवळजवळ थांबलं. मग डॉक्टरांनी आपल्या स्वभावाप्रमाणे केलं. मिश्रण एका छोट्या बाटलीत घेऊन ते रोग्याच्या नाकावरच्या कापडावर थेंब थेंब टाकलं जाई. ऑपरेशन होईपर्यंत ती बाटली उघडीच असे. काम संपलं की तिच्यात उरलेलं ते परत मोठ्या बाटलीत ओतत. पुढच्या वेळी त्यातूनच पुन्हा काढत. एकही थेंब वाया जात नव्हता, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

पुसेगावचा मारोती हा तरणाबांड शेतकरी. त्याला अंतर्गळाचा त्रास होता, जांघेत आतडं उतरे. पट्टा बांधून त्यानं बिनबोभाट म्हातारपण गाठलं असतं. पण डॉक्टरांनीच त्याला पाठीस लागून तयार केलं. "चिरून शिवून टाकतो. पेरणीला उभा ऱ्हाशील." ऐन उन्हाळ्यात बाप आणि बायको, गिरजाबाई, त्याला घेऊन आले.

सकाळची शाळा सुटून मी आलो तेव्हा दार लोटलेलं होतं. आत श्वास परत यावा म्हणून डॉक्टर घामानं निथळत मारोतीचे दोन्ही हात डोक्यावर नेत होते, खाली आणून छातीवर दाबत होते, पुन्हा वर नेत होते. करीमभाई भिंतीला टेकून उभे होते. बऱ्याच वेळानं त्यांनीच पुढे होऊन डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला. "बस करो, साब." तरी ते थांबले नाहीत.

बाहेर येऊन त्यांनी सांगितलं तेव्हा म्हातारा बाप मटकन खाली बसला. सावरल्यावर म्हणाला, "तुमी लई झटले, साहेब. आमी दाराच्या फटीतून बघून राह्यलो व्हतो. त्याची वेळच आली व्हती." गिरजाबाई तोंडात पदर कोंबून उभी होती. निघताना तिनं वाकून डॉक्टरांच्या पायाला हात लावला. डॉक्टरांनी पाय असे मागे घेतले की त्यांचा तोलच गेला.

काही दिवसांनी ते माझ्या शाळेत आले. ते कधी शाळेत येत नसत. वर्ग सुटेपर्यंत व्हरांड्यात उभे राहिले.

"मास्तर, जरा तकलीफ देतो. दोन पातळ औषधं मिसळली, तर ती बाटलीतून बराबर सारखीच उडतात का?"

असा प्रश्न कुणी विचारला की मास्तराला काय होतं ते तुम्हाला ठाऊक असेल. मी खडू उचलला. सांगितलं, की आदर्श द्रावणात प्रत्येक द्रव आपल्या वाट्याइतकी आणि आपल्या स्वभावाइतकी वाफ देतो. एका गाडीत परके उतारू बसलेले असावेत तसं. ज्याला उतरायची घाई तो आधी उतरतो, त्याला धरून ठेवणारं कुणी नसतं. त्यामुळे वर वाफेत उडता द्रव जास्त जातो आणि खाली जड, सुस्त द्रव साचत राहतो. वाफेतलं प्रमाण आणि बाटलीतलं प्रमाण कधी एक नसतं. मी फळ्यावर आकृतीही काढली. काढून मागे वळलो तर डॉक्टर पोरांच्या बाकावर बसले होते, आणि त्यांच्याकडे बघून मला खडू कुठे ठेवावा ते सुचेना.

"म्हंजी उरतं ते क्लोरोफॉर्म," ते म्हणाले.

तेव्हा मला कळलं ते काय विचारत होते. घाईघाईनं मी म्हणालो, की हे आदर्श द्रावणाचं झालं. खरी द्रावणं इतकी सरळ नसतात. काही द्रव एकमेकांना धरून बसतात, मग हिशेबापेक्षा कमी वाफ निघते. काहींचं एकमेकांशी पटत नाही, ते हिशेबापेक्षा जास्त उडतात. आणि काही जोड्या तर एका ठरावीक प्रमाणाला पोचल्या की जोडीनंच उडतात, मागेपुढे होत नाहीत. स्पिरीट आणि पाणी कितीही उकळून वेगळं करायला जा, शेवटी थोडं पाणी स्पिरीटचा हात सोडतच नाही.

डॉक्टर उठून उभे राहिले. "माझे दोघं धरून बसणारे हायेत, मास्तर. मिसळले की बाटली गरम लागती. हाताला कळतं."

हे खरं होतं. मिसळताना बाटली तापते याचा अर्थ ती दोन्ही एकमेकांना ओढतात. नियमाबाहेरचीच जोडी होती ती.

"मग ते जोडीनं जात असतील?"

"बघावं लागेल," मी म्हणालो. माझ्याही मनात तेच होतं, की देवा, जाऊ देत जोडीनं.

मारोती गेला त्या दिवशी जे उरलं होतं ते त्यांनी मोठ्या बाटलीत परत ओतून, बुचाला मेण लावून कपाटात ठेवलं होतं. परीक्षा सोपी होती. क्लोरोफॉर्म ईथरच्या दुप्पट जड. दोन सारख्या कुप्या घ्यायच्या. एकीत ताजं मिश्रण, दुसरीत त्या बाटलीतलं. दोन्ही गळ्यापर्यंत काठोकाठ भरून औषधाच्या तराजूत समोरासमोर ठेवायच्या. पारडी सारखी राहिली तर दोघं जोडीनं उडतात, बाटलीत काही बिघडलं नव्हतं, मारोतीचं काळीज मुळातच कच्चं असणार. त्या बाटलीचं पारडं खाली गेलं, तर मग काय, ते बोलून दाखवायची गरज नव्हती.

दार लावून घेतलं, वारा नको म्हणून. मी, डॉक्टर आणि करीमभाई. ताज्या मिश्रणासाठी कपाटातल्या ईथरच्या शेवटच्या बाटलीतून थोडं काढलं. रिकाम्या कुप्या आधी तोलून पाहिल्या, त्या बरोबर होत्या. मग डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं भरल्या. मेण काढून ती बाटली उघडली तेव्हा खोलीभर गोड वास पसरला. तो वासच सगळं सांगत होता, तरी आम्ही तिघं तराजूकडे बघत राहिलो.

पारडं खाली गेलं.

"पुन्यांदा," डॉक्टर म्हणाले. कुप्यांची अदलाबदल केली. जड कुपी ज्या बाजूला, ती बाजू खाली. काटा चुकत नव्हता. ते दोन द्रव एकमेकांना धरत होते खरे, पण धरून धरून किती धरणार? ईथर शेवटी निसटतच होतं, आणि दर वेळी परत ओतलेल्या उरल्यासुरल्यानं बाटली गोड होत गेली होती.

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, की काळीज कच्चंही असेल, एवढ्यावरून ठरवता येत नाही.

"असंल," ते म्हणाले. "पण बाटली जड हाय."

करीमभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "कतरे तो मैंने टपकाए थे, साब."

"थेंब तुमी टाकले, पण बाटली माझी व्हती, करीमभाई. ते बोलायचं न्हाई." आणि त्यांनी ती बाटली, दोन्ही कुप्या घेऊन बाहेर जाऊन कडुलिंबाच्या बुंध्याशी ओतलं. त्या दिवसापासून ओतायला लागले ते चहापर्यंत पोचले.

तुम्ही म्हणाल, झालं ते झालं. मीही तेच म्हणत होतो. पण हिवाळा आला आणि बाजाराच्या दिवशी म्हाताऱ्यानं गिरजाबाईबरोबर हुरडा पाठवला. कोवळा, हिरवागार, ओल्या फडक्यात बांधलेला. "बाबांनी दिलाय. तुमी लई झटले आमच्या मालकासाठी," एवढं बोलून, ओट्यावर पोटली ठेवून ती गेली. डॉक्टर त्या पोटलीपासून लांब सरकून बसले. संध्याकाळपर्यंत तिला हात लावला नाही. शेवटी मला म्हणाले, "पुसेगावला जायचं. येता?"

मी पुष्कळ समजावलं. त्या माणसांनी मनाची समजूत घातली आहे, ती कशाला मोडता? सांगून मारोती परत येणार आहे का?

"त्यांनी मला हुरडा दिला, मास्तर. कशापायी दिला?"

आम्ही गाडी जोडून गेलो. डॉक्टरांच्या पिशवीत दोन छोट्या बाटल्या आणि धुतलेल्या फडक्याचे तुकडे होते.

म्हाताऱ्यानं घोंगडी अंथरली. गिरजाबाईनं पाण्याचा तांब्या आणून पुढे ठेवला. डॉक्टरांनी पाण्याला हात न लावता बोलायला सुरुवात केली. म्हातारा ऐकेचना. "कशाला उकरता, साहेब? गेलं माझं लेकरू." पण गिरजाबाई दाराच्या चौकटीतून पुढे आली आणि खाली बसली.

डॉक्टरांनी एक फडकं तिच्या हातात दिलं. तिनं हुंगलं. "झोंबतं. थंड हाय."

दुसरं दिलं. "हे गोड हाय."

तिसऱ्या फडक्यावर त्यांनी दोन्ही ओतलं आणि ते दगडावर ठेवलं. "हे थोड्या वेळानं हुंग, माय." आम्ही बसून राहिलो. म्हातारा उठून बैलांना पाणी दाखवायला गेला. तो परत आला तेव्हा तिनं फडकं उचललं, नाकाशी नेलं, खाली घेतलं, पुन्हा नेलं.

"थंड गेलं. निस्तं गोड ऱ्हायलं."

"त्या गोडानंच माणूस दगावतो," डॉक्टर म्हणाले. "लई झालं की."

तिनं फडक्याकडे बघत विचारलं, "बाटलीत बी असंच झालं व्हतं का?"

"व्हय."

"आन् तुमी उरलेलं परत वतत ऱ्हायले."

"व्हय. मला ठाऊक नव्हतं, माय. पण वतलं मीच."

तिनं फडकं परत दगडावर ठेवलं. म्हणाली, "मंग वेळ न्हवती आली त्यांची."

डॉक्टरांनी मान हलवली. नाही.

"मी गप व्हते, साहेब. वेळ आली व्हती म्हणून गप व्हते," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. उठली, डॉक्टरांपुढचा पाण्याचा तांब्या उचलला आणि आत घेऊन गेली.

परतीच्या वाटेवर हिंगोलीचे दिवे दिसायला लागले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मी माझं ओझं उतरवायला गेलो व्हतो का, मास्तर? तिच्या डोक्यावर?" मी बैलांकडे बघत राहिलो. तसं नाही म्हणायला हवं होतं, आणि तसं आहे असं मला वाटत होतं.

पुढे हुरडा आला नाही. दर वर्षी त्या दिवसांत डॉक्टर बाजाराच्या दिवशी ओट्यावर बसून असत, आणि कुणाची वाट बघत नसल्यासारखं दाखवत. भूल देणं त्यांनी बंदच केलं. कुणाचं पोट चिरायची वेळ आली की नांदेडला धाडत, नाहीतर कनेरगाव नाक्यावरून संस्थानची हद्द ओलांडून वाशीमला. काहींचं दुखणं वाटेत हाताबाहेर जाई. त्याचाही दोष ते स्वतःकडेच घेत. कपाटात क्लोरोफॉर्मची एकच बाटली होती, कारखान्यातून आली तशी, सीलबंद. ती ते पुसून पुसून पुन्हा जागेवर ठेवत. ईथर त्यांनी पुन्हा मागवलं नाही.

बाकी ओतण्याचा सपाटा चालूच. दौतीतली शाई रोज ओतत. डोळ्यांचं औषध एकाला घातलं की उरलेलं ओतत. एकदा माझ्याकडे जेवायला आले तेव्हा ताकाचा तळ माझ्या बायकोच्या देखत अंगणात ओतला. ती माझ्यावरच रागावली. मी म्हणालो, "ताक आंबट होतं," आणि तो राग वाढवून घेतला.

मग अठ्ठेचाळीस साल उजाडलं. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. रझाकारांच्या धास्तीनं बाजार दुपारीच उठत. पुष्कळ माणसं नाका ओलांडून वऱ्हाडात गेली होती, आणि पुढे नाकाही बंद झाला. नांदेडच्या गाडीत बसायची कुणाची छाती होत नव्हती. करीमभाईंचे भाऊबंद त्यांना घराबाहेर पडू नको म्हणत, तरी ते मागच्या बोळातून दवाखान्यात यायचे आणि "आज मरीज कम हैं" म्हणून कपाट झाडत बसायचे.

उन्हाळा तापायला लागला होता. एका सकाळी दारात बैलगाडी थांबली. गाडीत गिरजाबाई. रानात कापलेल्या ज्वारीचं धसकट पायात गेलं होतं, पाय मांडीपर्यंत सुजून लाल झाला होता आणि ताप चढलेला. शेजारचा माणूस गाडी हाकून घेऊन आला होता. सासरा मागच्याच वर्षी वारला होता.

डॉक्टरांनी पाय बघितला आणि ते बाजूला येऊन मला हळूच म्हणाले, "खोल चिरावं लागंल. आज. उद्यावर ढकललं तर रगतात उतरंल." पिकलेल्या जागी बधिर करायची सुई लागू पडत नाही, एवढं मलाही माहीत होतं.

ते तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "माय, मी भूल देत न्हाई आता. वाशीमला कुणीतरी पोचवील का बघतो."

"नाका बंद हाय. ठाऊक न्हाई व्हय?"

"मग..."

"तुमीच द्या," ती म्हणाली. "दुसऱ्याला काय चुकतं ते ठाऊक न्हाई. तुमाला ठाऊक हाय."

डॉक्टर आत गेले आणि ती एकुलती बाटली घेऊन आले.

"मला हुंगू द्या आधी."

त्यांनी तिच्यासमोर सील तोडलं. करीमभाईंनी खिडकी उघडली. तिनं बाटली नाकाजवळ धरली, आणि तिचा चेहरा उतरला. "ह्याच्यात थंड न्हाईच. हे तर तेच गोड हाय."

"तेच हाय," डॉक्टर म्हणाले. "त्यानंच गेला तो. पण तवा बाटलीत काय हाय ते मला ठाऊक नव्हतं. मी अर्ध्याच्या वर ईथर समजून देत व्हतो. आता मिसळत न्हाई. हे किती तिखट हाय ते बघूनच एकेक थेंब टाकीन."

तिनं बाटली परत दिली. "मंग कमी टाका," म्हणाली, आणि टेबलावर आडवी झाली.

मला त्यांनी तिच्या मनगटाशी बसवलं. नाडी जरा जरी ढिली लागली तरी ओरडायचं. मी शास्त्राचा मास्तर, नाड्या बघणं माझं काम नव्हतं, पण त्या दिवशी ते मनगट मी असं धरून बसलो की नंतर माझी बोटं सरळ होईनात. भूल डॉक्टरांनीच चढवली. एक थेंब, मग तिच्या श्वासाकडे बघणं. मग पुढचा. थेंब कापडावर पडायला हवा तिथंच पडत होता. ती गाढ झाल्यावर बाटली करीमभाईंच्या हातात देऊन त्यांनी पाय चिरला. एकदा मला नाडी सापडेना. मी ओरडलो. त्यांनी कापड झटक्यानं दूर केलं. नाडी होती, माझंच बोट सरकलं होतं. त्यांनी पुन्हा चाकू उचलला.

काम संपलं. तिला खाटेवर निजवून आम्ही तिघं तिच्या उशाशी उभे राहून ती डोळे कधी उघडते त्याची वाट बघत होतो. आधी ती कण्हली. मग ओकली. करीमभाई जन्मात कुणाच्या ओकण्यानं इतके खूष झाले नसतील, दोन्ही हातांनी भांडं धरून "अल्ला, अल्ला" करत होते. डॉक्टर भिंतीशी खाली बसले.

बऱ्याच वेळानं ती नीट शुद्धीवर आली. इकडेतिकडे बघितलं. डॉक्टर दिसले.

"बाटलीत उरलं का?"

निम्म्याहून जास्त उरलं होतं. तेवढीच बाटली होती. पुढची कधी येणार, हैदराबादेत काय होणार, कुणालाच ठाऊक नव्हतं.

"उरलंय," डॉक्टर म्हणाले.

"वतून द्या."

मी मध्ये पडलो. शास्त्राप्रमाणे मी बरोबर होतो. तो एकटाच द्रव होता, त्यात दुसरं काही मिसळलेलं नव्हतं. एकटा द्रव अर्धा उडाला तरी उरलेला तोच राहतो, पहिला थेंब आणि शेवटचा थेंब सारखाच. जपून ठेवलं तर पुढे एखाद्याचा जीव वाचेल. मी हे सगळं सांगितलं. डॉक्टरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बराबर हाय, मास्तर," म्हणाले, आणि बाटली घेऊन बाहेर गेले. तिला खाटेवरून दिसेल अशा जागी उभे राहून त्यांनी ती ओतली. पार ओतली, उलटी करून झटकली.

पाय बरा व्हायला बरेच दिवस लागले. तेवढे दिवस तिचं जेवण शेजारचा माणूस गावाहून आणायचा. दवाखान्यातलं पाणीही ती घेत नसे, करीमभाई समोरच्या घरून भरून आणत. गेली तेव्हा लंगडत गेली. डॉक्टरांनी तिच्याकडून काही अपेक्षिलंही नव्हतं. पण त्यानंतर ते ओट्यावर जरा सैल बसायला लागले, असं आपलं मला वाटतं. चहा मात्र ओतायचेच.

पावसाळा संपता संपता संस्थान हिंदुस्थानात आलं. गावात झेंडे लागले, मिठाई वाटली गेली. दिवाळीच्या आधी एका सकाळी करीमभाई धावत माझ्या घरी आले. डॉक्टर झोपेतच गेले होते. उशाशी पाण्याचा पेला पालथा घातलेला होता. रात्रीचं उरलेलं पाणीसुद्धा त्यांनी ओतून टाकलेलं होतं.

त्या हिवाळ्यात बाजाराच्या दिवशी मी शाळेतून येत होतो. दवाखान्याच्या ओट्यावर गिरजाबाई बसलेली दिसली. मांडीवर ओल्या फडक्याची पोटली. दाराला कुलूप होतं आणि ती त्याच्याकडे बघत होती.

"डाक्टरसाब कुठं गेले?" तिनं विचारलं. "मी सकाळपासून बसून राह्यले."

मी सांगितलं. तिनं पोटलीवर हात ठेवला.

"दर हुरड्याला आठवण यायची," ती म्हणाली. "न्हाई आणला. मन झालं न्हाई. ह्या साली झालं."

मी तिला म्हणालो, की ते दर वर्षी वाट बघायचे. हे सांगायला नको होतं, पण सांगून गेलो. ती रडली नाही. पोटली सोडून एक मूठ हुरडा तिनं कुलपाखाली उंबऱ्यावर ठेवला आणि बाकीचा माझ्यापुढे केला.

"तुमी खावा, मास्तर. आजच खावा. हे ठेवून चालत न्हाई."

मी तिथंच बसून खाल्ला. तो गोड होता, आणि माझा नव्हता. ती माझ्याकडे बघत थांबली, फडकं रिकामं झाल्यावर झटकून घडी केली, आणि लंगडत बाजाराकडे निघून गेली.